लहान शहरांतील घरबांधणी आणि बांधकाम परवानगी : नगरपरिषद क्षेत्रातील घरमालकाच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना :

महानगरात घर बहुधा विकत घेतले जाते, तालुक्याच्या गावी ते बांधले जाते. या फरकाचे परिणाम दूरवर पोहोचतात. महानगरातील सदनिकाधारकाच्या वतीने नकाशा, मंजुरी व भोगवटा प्रमाणपत्र यांची जबाबदारी विकासकाकडे असते. नगरपरिषदेच्या शहरात मात्र शिक्षक, दुकानदार, निवृत्त कर्मचारी किंवा शेती विकून शहरात आलेला गृहस्थ हा स्वतःच विकासक ठरतो. त्याच्या मदतीला ओळखीचा ठेकेदार आणि 'नकाशा पास करून देणारा' अभियंता असतो. कायद्याशी त्याचा संबंध आयुष्यात एकदा किंवा दोनदाच येतो आणि त्या वेळी झालेली चूक पुढील पिढीपर्यंत टिकते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तेव्हापासून 'दीड हजार चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडाला आता परवानगी लागत नाही' हे वाक्य लहान शहरांत सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळे अनेक घरमालक अडचणीत येतात. नगरपरिषद क्षेत्रात घराच्या कोणत्या कामास कोणती मंजुरी लागते, ही सवलत नेमकी कशाची आहे आणि मंजुरीच्या आधीचे व नंतरचे कागद तिच्याइतकेच निर्णायक का ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदेशीर चौकट :

या विषयास दोन अधिनियम प्रामुख्याने लागू होतात. पहिला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आणि दुसरा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. नगररचना अधिनियमात 'विकास' या संज्ञेची व्याख्या व्यापक आहे. नवे बांधकाम तर तिच्यात येतेच, शिवाय इमारतीत किंवा जमिनीत केलेला महत्त्वाचा बदल, वापरातील बदल, जुने बांधकाम पाडणे आणि जमिनीचे तुकडे पाडून रेखांकन करणे हेही विकासच होय. राहत्या घराच्या पुढील खोलीत दुकान काढणाऱ्यास आपण 'बांधकाम' केले असे वाटत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो विकास असतो.

नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १८९ नुसार नवी इमारत बांधण्यापूर्वी, तसेच असलेल्या इमारतीत बाह्य बदल किंवा वाढ करण्यापूर्वी मुख्याधिकाऱ्यास लेखी सूचना देणे आवश्यक आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम ४४ खाली अर्ज आणि कलम ४५ खाली मंजुरी किंवा नकार अशी मुख्य प्रक्रिया चालते. व्यवहारात दोन्ही अधिनियमांची पूर्तता एकाच प्रस्तावाद्वारे होते. त्यामुळे हे दोन स्वतंत्र स्रोत आहेत याची जाणीव फारशी कोणाला नसते.

नगरपरिषदांचे लोकसंख्येनुसार वर्ग आहेत. एक लाखाहून अधिक लोकसंख्येची 'अ', चाळीस हजार ते एक लाख 'ब' आणि त्याखालील 'क' वर्गाची. पूर्वी ठिकठिकाणी वेगवेगळ्या नियमावल्या होत्या. शेजारच्या दोन शहरांत एकाच आकाराच्या भूखंडावर वेगवेगळे घर उभे राहू शकत असे. २०२० च्या नियमावलीने मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर एकच चौकट आणली. ही तिची मोठी उपलब्धी आहे. तथापि, ही नियमावली विस्ताराने प्रचंड आहे आणि तिचा बराच भाग मोठ्या शहरांतील उंच इमारतींसाठी आहे. लहान घरमालकाला लागणारे नियम तिच्यात विखुरलेले आहेत आणि ते शोधून काढण्यासाठी त्याला पुन्हा जाणकाराकडेच जावे लागते.

परवानगी कशास लागते, कशास नाही :

कलम ४३ नुसार केवळ इमारतीच्या अंतर्भागापुरती असलेली किंवा बाह्य स्वरूपात महत्त्वाचा फरक न करणारी देखभाल, सुधारणा व फेरबदल यांस परवानगी लागत नाही. रंगरंगोटी, गिलावा, फरशी बदलणे, नळ व सांडपाण्याच्या नळ्यांची दुरुस्ती, दारे-खिडक्या त्याच जागी नव्याने बसवणे, कौले किंवा पत्रे त्याच उंचीवर बदलणे ही कामे या प्रकारात मोडतात. आतील पडदी उभारणे किंवा काढणेही बहुधा यातच येते. मात्र ती भिंत भार पेलणारी नसावी. जुन्या विटांच्या किंवा दगडी घरात कोणती भिंत भार पेलते हे गवंड्याच्या अंदाजावर सोडणे धोक्याचे आहे. दिवाणखाना मोठा करण्यासाठी काढलेली मधली भिंत वरच्या मजल्याचा आधार असू शकते.

यापलीकडची बहुतेक कामे परवानगीच्या कक्षेत येतात. गच्चीवर एक खोली चढवणे, पडवी बंदिस्त करून तिची खोली करणे, सामासिक अंतरात म्हणजे हद्द व इमारत यांमध्ये मोकळ्या ठेवावयाच्या जागेत पत्र्याची शेड घालणे, बाल्कनी भिंतीने बंद करणे, बाहेरून जिना काढून वरचा मजला भाड्याने देणे ही लहान शहरांतील नित्याची कामे होत. त्यांना 'किरकोळ' समजले जाते आणि विनापरवाना बांधकामाचा मोठा भाग त्यांतूनच तयार होतो. वरचा मजला चढवताना तर मंजुरीपेक्षाही पायाचा प्रश्न मोठा असतो. एका मजल्यासाठी घातलेल्या पायावर वीस वर्षांनी तिसरा स्लॅब टाकला जातो. संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र मागितले जाते ते याच कारणासाठी. ते केवळ प्रस्तावाला जोडायचा कागद म्हणून मिळवले जाते, तेव्हा त्याचा मूळ हेतूच हरपतो.

दीड हजार चौरस फुटांची सवलत :

नियमावलीने लहान निवासी इमारतींची जोखमीनुसार वर्गवारी केली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फुटांच्या भूखंडावर घरमालकाने आवश्यक कागदपत्रे व नकाशा सादर करावा, शुल्क भरावे आणि त्याची पोच घ्यावी. ही पोचच परवानगी समजली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडासाठी परवानाधारक तांत्रिक व्यक्तीमार्फत प्रस्ताव दाखल केल्यास दहा दिवसांत मंजुरी देण्याची तरतूद आहे. जाहीर चर्चेत हे आकडे दीड हजार व तीन हजार चौरस फूट असे गोळाबेरीज होऊन पोहोचले.

'परवानगी लागत नाही' आणि 'पोच हीच परवानगी' या दोन वाक्यांमधील अंतर लक्षात घेतले पाहिजे. पहिल्या समजुतीने वागणारा घरमालक नगरपरिषदेत जातच नाही. त्याच्याकडे नकाशा नसतो, शुल्काची पावती नसते आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचे घर विनापरवाना असते. भूखंड १५० चौरस मीटरहून लहान आहे एवढ्याने ते नियमित होत नाही. शिवाय सवलत छाननीच्या वेळेत आहे, नियमांत नाही. सामासिक अंतरे, चटई क्षेत्र निर्देशांक, उंची, विकास योजनेतील आरक्षण व रस्ता हे सर्व लहान भूखंडालाही तसेच लागू राहतात. दाटीच्या क्षेत्राबाहेरील निवासी भूखंडास मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१० आहे. १५० चौरस मीटरच्या भूखंडावर त्यानुसार १६५ चौरस मीटर बांधकाम अनुज्ञेय होते. त्यापलीकडे जिने, बाल्कनी यांसारख्या क्षेत्रासाठी पूरक चटई क्षेत्राची वेगळी तरतूद आहे. पण सामासिक अंतरे सोडल्यावर तळमजल्यावर किती जागा उरते यावरच घराचा आकार प्रत्यक्षात ठरतो.

या व्यवस्थेत जबाबदारीची जागा बदलली, ही त्यातील खरी महत्त्वाची गोष्ट आहे. पूर्वी नकाशातील चूक नगरपरिषदेच्या छाननीत सापडत असे, निदान सापडावी अशी अपेक्षा असे. आता नकाशावर सही करणारा आणि घरमालक हे नियमपालनाची हमी देतात. पोच मिळाली म्हणून चुकीचा नकाशा बरोबर ठरत नाही. चूक आढळते ती घर उभे राहिल्यावर, आणि बहुधा शेजाऱ्याच्या तक्रारीवरून. वेळ वाचवणारी ही तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र तिचा लाभ घेणाऱ्याने सही देणारा अभियंता जागेवर येऊन मोजमाप करतो की टेबलावरच नकाशा काढतो, हे पाहण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

जमिनीचे कागद :

बहुसंख्य प्रस्ताव नकाशामुळे अडत नाहीत, जमिनीमुळे अडतात. प्रस्तावासोबत मालकीचा पुरावा लागतो. नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक, अन्यत्र सातबारा उतारा. लहान शहरांतील जुन्या वस्तीत मालमत्ता पत्रकावर आजोबांचे नाव असते, वारस नोंदी अपुऱ्या असतात, तोंडी वाटणीने चार भाऊ चार भागांत राहत असतात. त्यांतील एकाने आपला भाग पाडून नव्याने बांधायचे ठरवले की सर्व सहहिस्सेदारांची संमती मागितली जाते. एक बहीण परगावी असते, एक चुलतभाऊ रागावलेला असतो. येथेच वर्ष निघून जाते आणि कंटाळून काम विनापरवाना सुरू होते. यावर परवानगी प्रक्रियेत उपाय नाही. वारस नोंद व नोंदणीकृत वाटणीपत्र हे काम घराचा विचार मनात येण्याआधी करावयाचे असते.

मोजणी ही दुसरी पायरी. भूमि अभिलेख विभागाकडून हद्दी निश्चित करून घेतलेला मोजणी नकाशा नसेल, तर कुंपण हीच हद्द धरली जाते. कुंपण दोन फूट सरकलेले असते आणि त्या दोन फुटांवर पुढे दिवाणी दावा उभा राहतो.

शहराच्या कडेच्या वसाहतींची स्थिती वेगळी आहे. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून, रेखांकन मंजूर न करता विकलेले भूखंड जवळपास प्रत्येक नगरपरिषदेच्या हद्दीत आहेत. अशा भूखंडावर घरमालकाकडे खरेदीखत असते, तो घरपट्टी भरतो, त्याला वीज व पाणी मिळते, परंतु बांधकाम परवानगी मिळत नाही. कारण तो भूखंड नियोजनाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम, २००१ यासाठीच करण्यात आला. त्याची मूळ मर्यादा १ जानेवारी २००१ होती. २०२१ च्या सुधारणेने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली गेली. मुदतवाढीने जुन्या खरेदीदारांना दिलासा मिळाला हे खरे, तसेच पुढील तुकडेपाडीस अप्रत्यक्ष प्रोत्साहन मिळते हेही खरे.

अकृषिक परवानगीबाबत मात्र परिस्थिती बरीच सुकर झाली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत २०१४ पासून घातलेल्या कलम ४२-अ व त्यापुढील कलमांमुळे विकास योजनेत निवासी दर्शवलेल्या भोगवटादार वर्ग-१ च्या जमिनीस स्वतंत्र अकृषिक आदेशासाठी पूर्वीइतके हेलपाटे घालावे लागत नाहीत. वर्ग-२ च्या जमिनींना, अर्थात, सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी व नजराणा यांचा प्रश्न राहतोच.

जुने गावठाण आणि पूररेषा :

गावठाणातील घराची पुनर्बांधणी हा लहान शहरातील सर्वांत नाजूक विषय आहे. भिंतीला भिंत लागून घरे, सामाईक भिंती, बोळ. दाटीच्या क्षेत्रात साडेचार मीटरहून अरुंद बोळास लागून बांधताना बोळाच्या मध्यरेषेपासून सव्वादोन मीटर अंतर सोडावे लागते. बोळ तीन मीटर रुंद असेल, तर मध्यरेषेपासून घराच्या सध्याच्या भिंतीपर्यंत दीड मीटर होतात. म्हणजे नवी भिंत पाऊण मीटर आत घ्यावी लागते. सात-आठ मीटर रुंदीच्या दर्शनी भागाला ही सुमारे सहा चौरस मीटर जागा होते. घरमालकास हे नुकसान वाटते. परंतु दोन्ही बाजूंची घरे अशी एकेक करून मागे सरली, तरच साठ-सत्तर वर्षांत अग्निशमन वाहन आत येण्याजोगा रस्ता तयार होतो. जो घरमालक जुन्याच पायावर 'दुरुस्ती' म्हणून नवे घर उभे करतो, तो ही प्रक्रिया त्याच्या घरापुरती आणखी एका पिढीसाठी थांबवतो. दुरुस्तीच्या नावाखाली पुनर्बांधणी होते ती याच पाऊण मीटरसाठी.

नदीकाठच्या शहरांत पूररेषा हा वेगळाच निकष आहे. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र निषिद्ध असते. निळ्या व लाल रेषांमधील क्षेत्रात निर्बंधांसह बांधकाम करता येते आणि तेथे जोते लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवावे लागते. २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर परिसरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये आलेल्या महापुरांनंतर या रेषांकडे कागदावरील अडथळा म्हणून पाहणे कठीण झाले आहे. भूखंड खरेदी करतानाच विकास योजनेचा भाग नकाशा व झोन दाखला घेतला, तर ही माहिती पैसे देण्यापूर्वीच मिळते. त्याचे शुल्क अल्प असते, तरी तो घेणारे थोडेच असतात.

साठ दिवसांची मुदत :

सर्वसाधारण प्रस्तावावर साठ दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद कलम ४५ मध्ये आहे. या 'मानीव' परवानगीचा आधार मोठ्या आत्मविश्वासाने घेतला जातो. परंतु त्रुटी कळवली गेल्यास मुदत त्या त्रुटीच्या पूर्ततेपासून मोजली जाते आणि प्रस्ताव विकास योजना व नियमावली यांच्याशी सुसंगत असेल तरच मानीव परवानगी टिकते. नियमाविरुद्ध नकाशा साठ दिवस पडून राहिला, तरी तो मंजूर होत नाही. नकार मिळाल्यास कलम ४७ खाली ४० दिवसांत अपील करता येते. या तरतुदीचा वापर लहान शहरांत क्वचितच होतो. तेथे नकारावरचा उपाय म्हणजे ओळख शोधणे.

मिळालेली परवानगीही कायमची नसते. ती एक वर्षासाठी असते आणि अर्ज केल्यास वर्षावर्षाने, एकूण तीन वर्षांपर्यंत वाढवता येते. पैसे जमतील तसे टप्प्याटप्प्याने घर बांधण्याची लहान शहरातील पद्धत या मुदतीशी विसंगत आहे. तळमजला बांधून सहा वर्षांनी जुन्याच मंजुरीवर पहिला मजला चढवणाऱ्यास आपण काही गैर करतो असे वाटत नाही.

बांधकामानंतरचा कागद :

बांधकाम पूर्ण झाल्यावर तांत्रिक व्यक्तीमार्फत पूर्णत्वाची सूचना देऊन भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे लागते. लहान शहरातील स्वतंत्र घरांच्या बाबतीत हा टप्पा सर्रास वगळला जातो. वास्तुशांत झाली, नळजोडणी मिळाली, घरपट्टीची आकारणी झाली, म्हणजे सर्व पूर्ण झाले असा समज असतो. घरपट्टी ही वापरावरील कर आकारणी आहे, तिने बांधकाम कायदेशीर ठरत नाही.

या दुर्लक्षाची किंमत आता वाढत आहे. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत बांधकामांविषयी दिलेल्या निर्देशांत वीज, पाणी व मलनिःसारण यांची जोडणी भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावी आणि बँकांनी इमारत तारण घेऊन कर्ज देण्यापूर्वी ते पडताळावे असे नमूद केले. मुलाच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवताना किंवा वार्धक्यात घर विकताना हा जुना न घेतलेला कागद प्रथमच आठवतो.

प्रमाणपत्र म्हणजे सुरक्षितता असेही नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड या नगरपरिषदेच्या शहरात पाच मजली निवासी इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. इमारत काही जुनी नव्हती. अशा घटनांत कागद होते की नव्हते हा प्रश्न दुय्यम ठरतो. सळई, सिमेंट व पाया यांवर प्रत्यक्ष कोणाचे लक्ष होते हा प्रश्न पुढे येतो. लहान घराच्या बाबतीत जोत्यापर्यंत काम आले असता अभियंत्याने जागेवर येऊन तपासणी करणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे, कारण त्यानंतर पाया दिसत नाही आणि चुकीचे अंतर स्लॅब फोडल्याशिवाय दुरुस्त होत नाही.

विनापरवाना घर उभे असेल तर :

कलम ५२ नुसार विनापरवाना विकासास एक महिना ते तीन वर्षे कारावास व दोन ते पाच हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. कलम ५३ खाली बांधकाम काढून टाकण्याची नोटीस दिली जाते. मात्र त्याच कलमात नोटिशीत दिलेल्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करण्याची मुभाही आहे. नियमात बसणारे, केवळ मंजुरी न घेतलेले घर या मार्गाने तडजोड शुल्क भरून नियमित होऊ शकते. सामासिक अंतरात गेलेला भाग तेवढा काढून उर्वरित घर वाचवणेही अनेकदा शक्य असते. १३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार पाडकामापूर्वी किमान पंधरा दिवसांची कारणे दाखवा नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरील बांधकामांना हे संरक्षण नाही.

तरीही नोटीस येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ज्या घरमालकाने २०२१ नंतर लहान भूखंडावर 'परवानगी लागत नाही' या समजुतीने घर बांधले आहे, त्याने प्रथम मोजणी नकाशा मिळवावा, परवानाधारक अभियंत्याकडून घराचे प्रत्यक्ष मोजमाप करून घ्यावे आणि नियमात बसणारा भाग व न बसणारा भाग नकाशावर वेगळा दाखवून नियमितीकरणाचा प्रस्ताव स्वतःहून दाखल करावा. जोते प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, भाग नकाशा व झोन दाखला या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत. त्यांसाठी दिलेल्या अर्जाची दिनांकित पोच घेतल्यास, विहित मुदत उलटल्यावर त्याच पोचेच्या आधारे प्रथम अपील दाखल करता येते.